नाच बसवणारा पोलीस



ऐन मे महिन्यात, पंख्याखाली बसून घाम पुसणाऱ्या मंडळींसमोर बर्फावर बोलायचं म्हणजे जरा चेष्टाच आहे. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘ख्रिस्तोफर डीन’ असं नाव सांगितलं. पलीकडे थोडी शांतता पसरली. मग प्रश्न आला, “ताई, ते कथकमधले का?” नाहीत. ते इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे पोलीस शिपाई. बर्फावर नाचायचे, आणि पुढे दुसऱ्यांचे नाच बसवू लागले. मला आज बोलायचंय ते या ‘बसवण्या’विषयी.

मी स्वतः चाळीस वर्षं कथक शिकवते. आमचं सगळं जमिनीशी चालतं. तत्कार करताना पाय आपटतो आणि जमीन उत्तर देते, त्या उत्तरावर आम्ही जगतो. काही वर्षांपूर्वी भाचीच्या हट्टापायी एका मॉलमधल्या बर्फावर उभी राहिले. भाड्याचे बूट, आतून ओलसर, नाडी घोट्याशी काचणारी. शिकवणारा पोरगा म्हणाला, “मॅडम, गुडघे वाकवा, खाली बघू नका.” मी सवयीनं पाय टाकला, म्हणजे जवळपास आपटलाच, आणि पुढच्या क्षणी छताचे दिवे मोजत होते. दोनदा पडले. पण त्या अर्ध्या तासात पुस्तकातून न कळलेली एक गोष्ट कळली. बर्फावर हालणं सोपं आणि थांबणं अवघड. आमच्याकडे नेमकं उलटं आहे.

दुसरी गोष्ट त्या पोरानं बूट उलटा करून दाखवली. स्केटचं पातं सुरीसारखं एका धारेचं नसतं. त्याच्या तळाला लांबीभर खोबण असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक धार, आतली आणि बाहेरची. अंग ज्या बाजूला कलेल ती धार बर्फ धरते आणि माणूस वळतो. त्यामुळे चांगल्या नर्तकाची सरळ रेष जवळपास नसतेच, असतात ती वळणंच. जोडीच्या नाचात दोघं इतके जवळ असतात की एकाचं पातं दुसऱ्याच्या पायात अडकू नये म्हणून त्याची मागची शेपटी आखूड ठेवतात. हे पाहिल्यावर मी घरी जाऊन जुनी चित्रफीत पुन्हा लावली, आणि तेव्हा कुठे मला ती दिसली.

चित्रफीत १४ फेब्रुवारी १९८४ ची. गाव सारायेव्हो, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातलं. झेट्रा नावाची बंदिस्त रिंक आणि हिवाळी ऑलिंपिक. जेन टॉर्विल आणि ख्रिस्तोफर डीन बर्फाच्या मध्यावर येतात आणि चक्क गुडघ्यांवर बसतात.

ते का बसले हे कळण्यासाठी आधी नियमांकडे यावं लागेल. बर्फावरच्या जोडीच्या स्पर्धा दोन. एका प्रकारात पुरुष बाईला डोक्यावर उचलतो, फेकतो, दोघं हवेत गिरक्या घेतात. दुसरा आइस डान्स. तो ऑलिंपिकमध्ये आला १९७६ साली, इन्सब्रुकला, आणि त्याला त्यातलं काहीच करायची मुभा नव्हती. फार उंच उचलायचं नाही, फेकायचं नाही, मोठ्या उड्या नाहीत, एकमेकांपासून फार वेळ सुटायचं नाही. उरलं काय? पदन्यास, वळण आणि दोघांमधलं अंतर. वेळही बांधलेली, मुक्त नृत्याला चार मिनिटं आणि वर दहा सेकंदांची सवलत.

टॉर्विल-डीन यांनी संगीत निवडलं होतं मॉरिस राव्हेलचं ‘बोलेरो’. १९२८ ची ही रचना मुळात पंधरा मिनिटांच्या आसपास चालते. कापून कापून ती ४ मिनिटं २८ सेकंदांवर आली. त्याखाली गेली तर तिचा जीव जातो. म्हणजे अठरा सेकंदं जास्त. आता डीन सोळाव्या वर्षी पोलिसांत उमेदवार म्हणून लागलेला माणूस. माझी आपली समजूत अशी की त्यानं नियमांचं पुस्तक पोलिसानं कायदा वाचावा तसं वाचलं असणार, म्हणजे कायदा काय म्हणतो यापेक्षा तो कुठे गप्प बसतो ते बघत. नियम असा होता की पात्यानं बर्फावर नाचायला सुरुवात झाली की घड्याळ चालू. मग अठरा सेकंदं पातं लावायचंच नाही! गुडघ्यांवर बसायचं आणि फक्त कमरेवरचं अंग हलवायचं.

इथे कुणी म्हणेल, ही पळवाट झाली. झालीच. पण पळवाटा शोधणारे पुष्कळ असतात, त्या रिकाम्या जागेत काय भरायचं हे थोड्यांनाच सुचतं. आमच्याकडे मैफलीच्या सुरुवातीला ‘थाट’ असतो. नर्तक उभा राहतो. फक्त मान, मनगट, भुवई, एखादा श्वास. पायाचं काम अजून दूर आहे, पण लय अंगात उतरलेली दिसते. ती अठरा सेकंदं म्हणजे थाट आहे. दोघं एकमेकांकडे झुकतात, डोलतात, हात एकमेकांभोवती फिरतात. पातं बर्फाला लागतं तोवर प्रेक्षक त्यांच्या लयीत बसलेला असतो. सवलत म्हणून मिळालेला वेळ रचनेचा पाया होऊन गेला.

आता त्या संगीताची गंमत. ‘बोलेरो’त मागे ताशासारखा एक छोटा ड्रम वाजतो, आणि तो एकच ठेका १६९ वेळा वाजवतो. आमच्याकडे विलंबित, मध्य, द्रुत अशी चढण असते, लय वाढते आणि उत्कर्ष आपोआप येतो. राव्हेल लय वाढवतच नाही. वाद्यं वाढतात, आवाज वाढतो, ठेका तोच. मग नाचणाऱ्यानं चढायचं कसं? पाय जलद करावे तर ठेक्याला सोडतो. डीननं वळणं मोठी केली. सुरुवातीला दोघं एका सतरंजीएवढ्या जागेत असतात, शेवटी सगळी रिंक कापत जातात. लय तीच, पण एका मात्रेत कापलेलं अंतर वाढत जातं. माझ्या विद्यार्थिनींना मी हे दाखवते तेव्हा सांगते की पोरींनो, द्रुत म्हणजे घाई नव्हे, हे इथे बघा.

या नाचाची गोष्ट अशी की दोन प्रेमिकांना एकत्र राहता येत नाही, म्हणून ते ज्वालामुखीच्या तोंडाशी चढून स्वतःला झोकून देतात. शेवटच्या ठोक्याला दोघं बर्फावर आडवे. नऊ परीक्षक होते आणि सहा हा सर्वोच्च गुण. कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ जणांनी सहा दिले, तांत्रिक गुणांत आणखी तिघांनी. एकूण बारा वेळा सहा.

खरं सांगू? मला ‘बोलेरो’चा शेवट थोडा नाटकी वाटतो. जांभळी वस्त्रं, ज्वालामुखी, पडणं, हे सगळं जरा जास्तच. त्याच स्पर्धेत त्यांनी आदल्या फेरीत पासो दोब्ले केला होता, तो मला जास्त आवडतो. रचना ठरावीक आकृतीत पुन्हा पुन्हा फिरणारी, आणि विषय बैलझुंजीचा. डीन झुंजणारा आणि टॉर्विल बैल नाही, तर झुंजणाऱ्याच्या हातातलं कापड! ती फडकते, गुंडाळली जाते, जमिनीलगत ओढली जाते. माझ्या एका विद्यार्थिनीनं लगेच विचारलं, “बाईचं फडकं केलं की हो ताई?” प्रश्न रास्त आहे. पण कापड होऊन इतकं नेमकं वळायला अंगात किती ताकद लागते, हे तिनं स्वतः करून पाहिलं तेव्हा ती गप्प झाली. आणि इथे जेन टॉर्विलविषयी सांगितलंच पाहिजे. कल्पना डीनच्या म्हणून त्याचं नाव रचनाकार म्हणून घेतलं जातं. पण त्या कल्पना ज्या अंगावर बसल्या ते अंग तिचं होतं. ती विमा कंपनीत कारकून होती. १९७५ पासून दोघं जोडीनं सराव करू लागले. नोकरी सांभाळून, रिंक मोकळी मिळेल त्या अवेळी. १९८० साली लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये पाचवे आले आणि दोघांनी नोकऱ्या सोडल्या. नॉटिंगहॅमच्या नगर परिषदेनं सरावासाठी ४२,००० पौंड दिले. नगर परिषदेनं नाचासाठी पैसे दिले, हे वाक्य मी मुद्दाम सावकाश वाचते आहे.

१९८१ ते १९८४ अशी चार वर्षं सलग जगज्जेतेपद, मग व्यावसायिक दौरे. हा भाग कुठेही वाचायला मिळेल. मला रस आहे तो पुढच्या गोष्टीत. स्वतःच्या अंगावर बसलेला नाच दुसऱ्याच्या अंगावर बसवायची वेळ आली तेव्हा या माणसानं काय केलं?

फ्रान्सकडून नाचणारी एक जोडी होती, इझाबेल आणि पॉल द्यूशेने. कॅनडात वाढलेली. हे सख्खे बहीण-भाऊ. आता आइस डान्सचा सगळा कारभार प्रेमकथेवर चालतो. नजरेला नजर, मिठी, विरह. बहीण-भाऊ हे कसं करणार? केलं तर बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. बहुतेकांनी मग ‘गोड गाणं घ्या, हसत हसत फिरा’ असा सल्ला दिला असता. डीननं ही अडचण विषयाचा उगम म्हणून घेतली. माणसा-माणसांत प्रेमाखेरीज आणखी काय असतं?

आधी त्यांच्यासाठी ‘सॅव्हेज राइट्स’ बसवला, नुसत्या तालवाद्यांवर, फाटक्या वेशात, आदिम विधीसारखा. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये परीक्षक बुचकळ्यात पडले. जोडी आठवी आली, पण प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. मग आला ‘मिसिंग’. विषय लॅटिन अमेरिकेत हुकूमशहांच्या राज्यात ‘बेपत्ता’ केलेली माणसं. चकचकीत कपड्यांच्या या खेळात हा विषय! इथे मिठी आहे, पण ती धीर देणाऱ्याची, पडणाऱ्याला धरून ठेवणाऱ्याची. हात सुटतात ते रुसव्यानं नाही, कुणीतरी ओढून नेल्यासारखे. याच वाटेनं जाऊन त्यांनी १९९१ साली म्युनिकला जगज्जेतेपद मिळवलं. आणि १९९२ ला आल्बेरव्हिलच्या ऑलिंपिकमध्ये ‘वेस्ट साइड स्टोरी’. तुम्ही म्हणाल, ती तर प्रेमकथाच, बहीण-भावानं कशी केली? त्यांनी त्यातले प्रेमिक टोनी आणि मारिया घेतलेच नाहीत. मारिया आणि तिचा भाऊ बर्नार्डो घेतले. गोष्ट तीच, फक्त दार दुसरं उघडलं. सुवर्ण हुकलं, रौप्य मिळालं. मला तरी ही निवड त्या सहा-सहा गुणांपेक्षा मोठी वाटते.

कथकमध्ये गुरू शिष्याला आपली तिहाई देतो, तेव्हा पुष्कळदा आपलं अंगही देऊ पाहतो. मग शिष्या गुरूची नक्कल होते. मीही हे पाप केलंय. उंच पोरीवर माझ्यासारख्या बुटक्या बाईच्या गती बसवल्या आणि वर्षभर ती अवघडून नाचत राहिली. चूक तिची नव्हती. डीननं द्यूशेने जोडीला ‘बोलेरो’ दिला नाही, हे मला तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

आल्बेरव्हिलनंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं लगाम आवळला. मुक्त नृत्यानं पुन्हा बॉलरूमच्या वळणाकडे यावं, नाट्य कमी, नाच जास्त, असा रोख. याच सुमारास व्यावसायिकांना स्पर्धेत परत यायची वाट उघडली आणि टॉर्विल-डीन १९९४ ला लिलेहॅमरला उतरले. अर्विंग बर्लिनचं गाणं, फ्रेड ॲस्टेअर-जिंजर रॉजर्सच्या वळणाचा नाच. आधी कोपनहेगनला युरोपीय अजिंक्यपद मिळालं होतं, तरी ऑलिंपिकच्या आधी थोड्या आठवड्यांत त्यांनी बराचसा नाच मोडून नव्यानं बसवला. कांस्य मिळालं. गुण झळकल्यावर प्रेक्षकांनी नापसंती दाखवली. शेवटच्या उचलण्यात नियम मोडला की नाही यावर लोक अजून वाद घालतात. नियमाच्या गप्प जागा शोधणारा माणूस दहा वर्षांनी नियमाच्याच कचाट्यात सापडला. मी यात पडत नाही.

पुढे १९९६ साली डीननं इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी जमिनीवरचा नाच बसवला. २००६ पासून दूरचित्रवाणीवर ‘डान्सिंग ऑन आइस’मध्ये नट, खेळाडू, निवेदक अशा मंडळींना शिकवलं. कालपर्यंत बर्फावर उभंही न राहिलेली माणसं! त्यांच्यासाठी नाच बसवणं म्हणजे काय, हे स्नेहसंमेलनात पाचवीच्या वर्गाचा नाच बसवलेल्या प्रत्येक बाईंना कळेल. कुणाला काय येत नाही ते आधी बघायचं आणि तेवढी जागा जोडीदारानं भरायची.

आता सारायेव्होकडे परत येते. १९९२ साली त्या गावाला वेढा पडला. झेट्रावर तोफगोळे पडले. खालच्या तळघरात मृतदेह ठेवले गेले आणि प्रेक्षकांच्या लाकडी आसनांच्या शवपेट्या झाल्या. युद्धानंतर, १९९९ साली, ती इमारत नव्यानं उभी राहिली. २०१४ च्या फेब्रुवारीत, तीस वर्षांनी, टॉर्विल आणि डीन तिथे पुन्हा आले. दोघंही पन्नाशी ओलांडलेले. या वेळी परीक्षक नव्हते, घड्याळ लावायला कुणी बसलेलं नव्हतं, हवं तर पहिल्या ठोक्यालाच उठून नाचता आलं असतं. ड्रम सुरू झाला. दोघं मध्यावर आले आणि गुडघ्यांवर बसले.