फिनिक्स, डेन्व्हर आणि मधला एक तास

आजचा भाग घड्याळावर आहे. ‘अमेरिका साडेबारा तास मागे आहे’ असं आपल्याकडे कोणीतरी बिनधास्त सांगून मोकळं होतं. पण कुठली अमेरिका? आणि कुठल्या महिन्यातली? वर्षभर पक्के साडेबारा तास म्हणजे ॲरिझोना, आणि म्हणूनच आज तिकडे जाऊया.

अमेरिकेत बहुतेक राज्यांमध्ये मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळ थेट ३ वर जातं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते परत मागे येतं. हेच डेलाइट सेव्हिंग. उजेड काही वाचत-बिचत नाही हां, सूर्य तेवढाच. फक्त सकाळचा एक तास उचलून संध्याकाळकडे सरकवतात. आता ॲरिझोनाच्या वाळवंटात उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर तापमान. तिथे संध्याकाळी आणखी एक तास ऊन कोणाला हवंय? १९६७ साली त्यांनी हे करून पाहिलं आणि १९६८ पासून सोडून दिलं. मला विचाराल तर शहाणपणा केला.

आता गंमत बघा. फिनिक्स जागचं हलतच नाही, हलतात ते शेजारी. हिवाळ्यात फिनिक्स आणि डेन्व्हरची वेळ एकच असते. उन्हाळ्यात डेन्व्हर तासभर पुढे जातं, आणि खालून लॉस एंजेलिस वर येऊन फिनिक्सच्या बरोबरीला बसतं. म्हणजे ‘फिनिक्स कोणाबरोबर?’ याचं उत्तर महिना विचारल्याशिवाय देताच येत नाही.

त्यात नावाहो नेशन. आदिवासींचा हा स्वायत्त प्रदेश ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा अशा तीन राज्यांत पसरलाय, म्हणून तो डेलाइट सेव्हिंग पाळतो, ॲरिझोनातल्या भागातसुद्धा. पण त्याच्या पोटात होपी लोकांचा प्रदेश आहे, तो पाळत नाही. उन्हाळ्यात फ्लॅगस्टाफहून निघून ट्यूबा सिटीला पोचलात की घड्याळ एक तास पुढे. होपी गावांत शिरलात की मागे. तिथून विंडो रॉकला गेलात की परत पुढे. आणि हे सगळं एकाच राज्यात!

तुमच्यापैकी कोणी तिकडे एमएस करत असाल आणि ॲन्टिलोप कॅन्यनचं बुकिंग केलं असेल, तर हे नीट ऐका. जागा नावाहोंची, पण तिथल्या टूर ॲरिझोनाच्या वेळेने चालतात. आणि जवळच्या पेज गावात फोनने युटाचा टॉवर पकडला, की स्क्रीनवर एक तास पुढची वेळ दिसते. अशा ठिकाणी सेटिंगमधली ‘आपोआप वेळ’ बंद करा आणि हाताने फिनिक्स निवडा. मॉन्युमेंट व्हॅलीला मात्र नावाहोंची वेळ चालते.

आता हिशेब. शेजाऱ्या-शेजाऱ्यात थेट बेरीज-वजाबाकी करू नका, डोकं फिरतं. मध्ये यूटीसी ठेवा. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, बारा महिने. फिनिक्स ७ मागे, बारा महिने. डेन्व्हर हिवाळ्यात ७ मागे आणि उन्हाळ्यात ६. समजा डेन्व्हरला सकाळी ९ ची मीटिंग आहे. जानेवारीत ९ अधिक ७, म्हणजे यूटीसी १६, म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. जुलैत ९ अधिक ६, म्हणजे १५, म्हणजे साडेआठ. लक्षात ठेवायला सोपं: मार्चमध्ये त्यांचं घड्याळ पुढे, आपली मीटिंग अलीकडे.

आणि इथेच खरी भानगड आहे. कॅलेंडरमधली मीटिंग कोणत्यातरी एका शहराला बांधलेली असते. आमच्या टीममधली एक मैत्रीण बाळाला साडेआठला झोपवते. साडेनऊचा कॉल तिला चालायचा. पण मीटिंग डेन्व्हरला बांधलेली, त्यामुळे मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत कॉल बरोबर त्याच वेळी यायचा. तीच म्हणाली, ‘अरे, ही फिनिक्सला बांधा ना!’ बांधली. फिनिक्सवाले कायम ९ ला, आपण कायम साडेनऊला. डेन्व्हरवाले उन्हाळ्यात १० ला येतात, त्यांना काहीच फरक पडला नाही. दर मार्चमध्ये कोणाचा तरी तास जातोच, आणि बहुतेक वेळा तो मीटिंग ज्याने बनवली नाही त्याचा असतो.

कोड लिहिणाऱ्यांसाठी दोन शब्द. ‘एमएसटी’ असं संक्षिप्त नाव लिहू नका. डेन्व्हरची माणसं जुलैतसुद्धा सवयीने एमएसटी लिहितात, आणि त्याचा खरा अर्थ फिनिक्सची वेळ होतो. शहराचं नाव वापरा. शिकागोच्या वेळेने रात्री अडीचला चालणारं काम असेल, तर मार्चच्या त्या रविवारी अडीच वाजतच नाहीत. नोव्हेंबरच्या रविवारी दीड दोनदा वाजतो.

आणखी एक. अमेरिकेत प्रत्येक पट्टा आपापल्या २ वाजता बदलतो. त्यामुळे मार्चच्या त्या पहाटे न्यू यॉर्क आणि शिकागोमध्ये तासभर २ तासांचं अंतर असतं, आणि नोव्हेंबरमध्ये तासभर दोन्हीकडे एकच वेळ. युरोप याबाबतीत शिस्तीचा: युरोपियन युनियन आणि ब्रिटनमध्ये सगळे एकाच क्षणी, यूटीसी १ वाजता बदलतात. पण त्यांचा दिवस मार्चचा शेवटचा रविवार. म्हणजे मधले दोन-तीन आठवडे न्यू यॉर्क आणि लंडनमधलं अंतर ५ ऐवजी ४ तास. तुमचा कॉल दोन्हीकडच्या माणसांबरोबर असेल, तर त्या आठवड्यांचं कॅलेंडर आजच उघडून बघा. भेटूया पुढच्या भागात!