भिंतीत साठविलेली उष्णता



एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो, तरी त्याचे तपमान शून्यावरच राहते, हे आपण शाळेत शिकलो. ही सुप्त उष्णता घरासाठी राबविण्याचा प्रयोग १९४८ साली अमेरिकेतील डोव्हर येथे झाला. मारिया टेल्केस या विदुषीने, वास्तुशिल्पी एलिनॉर रेमंड यांच्या सहकार्याने, ग्लॉबर क्षाराने भरलेल्या पिंपांत सूर्याची ऊब साठविली. सुमारे ३२ अंशांवर वितळणारा हा क्षार गोठताना ती ऊब परत देई. आरंभी घर उबदार राहिले. पुढे वितळण्यागोठण्याच्या फेऱ्यांत क्षाराचे घटक विलग होऊन साठवणशक्ती क्षीण झाली.

आज मेणासारखे पदार्थ सूक्ष्म कोशांत बंदिस्त करून गिलाव्यात मिसळता येतात. उन्हाळ्यात ते दुपारचा ताप शोषतात. मात्र रात्रीच्या गारव्याने ते पुन्हा गोठले पाहिजेत. जेथे रात्रही तापलेलीच, तेथे अशी भिंत निरुपयोगी. शिवाय मेण ज्वालाग्राही, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून आम्ही सुचवितो, मंडळाच्या वास्तूचा विस्तार योजताना आधी सावली व वायुवीजन साधावे, येथल्या रात्रींचे तपमान नोंदवावे आणि मगच योग्य द्रवणांकाचा पदार्थ निवडावा. विजेची बचत त्यातच आहे.