मावळ्यांचे उडालेले रंग



आश्विन संपत आला की आमच्या भिवंडीत, आणि भिवंडीतच कशाला, ठाण्या-पुण्यापासून कोल्हापुरापर्यंत अंगणाअंगणांतून मातीचे किल्ले उभे राहू लागतात. माळ्यावरची पेटी खाली येते, चिंध्यांत गुंडाळलेले मावळे बाहेर निघतात आणि घरोघर एकच उद्गार ऐकू येतो : "अरे, यांचे रंग उडाले!" या उद्गाराविषयीच आज मला बोलावयाचे आहे. या एका वाक्यात आपण निरनिराळे रोग एकत्र कोंबतो; आणि रोग न ओळखता औषध करू गेल्यास काय होते, ते मी स्वतः अनुभवले आहे.

माझ्या आईने 1969 साली मजसाठी दहा-बारा मावळे रंगविले होते. भाजक्या मातीची चित्रे कुंभाराकडची, रंग मात्र घरचे. अंगरख्यास कपड्यांची नीळ, पागोट्यास गेरू, मिशांस काजळ, शेल्यास हळद. दुकानातून आणलेली काय ती गुलाबी रंगाची एक पुडी. या सर्वांत बाभळीचा डिंक कालविलेला. गतवर्षी एका मावळ्याचे तोंड मळकट दिसले म्हणून मी ते ओल्या फडक्याने पुसले. फडके काळे झाले, आणि मावळ्याचे डोळे व मिशा त्याबरोबर निघून गेल्या. डिंक पाण्यात विरघळतो हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकविले होते! काजळाचा रंग मुळी उडालेलाच नव्हता. त्यास धरून ठेवणारा डिंक तेवढा जीर्ण झाला होता. ती मुद्रा आता परत यावयाची नाही.

म्हणून पहिली परीक्षा कोरडी असावी. कापसाचा पांढरा बोळा एखाद्या आडबाजूस हलकेच टेकवावा. बोळ्यास रंग लागला तर दोष बंधकाचा, म्हणजे डिंकाचा किंवा सरसाचा समजावा. अशा चित्रास पाणी लावू नये, कुंचलाही लावू नये. पाण्यात न मिसळणारे, चकाकी नसलेले व्हार्निश दुरून, अगदी विरळ फवारावे. तेही आधी तळाशी करून पाहावे, कारण त्याने रंग किंचित गडद होतो.

बोळा स्वच्छ राहिला तर मावळ्याची बगल पाहावी. ढालीमागे किंवा हाताखाली रंग ताजा आणि छातीवर फिका असेल, तर अपराधी ऊन होय. माझ्या आईच्या मावळ्यांनी या बाबतीत अजाणता एक उत्तम प्रयोगच करून ठेवला आहे. गेरू जशाचा तसा आहे. तो लोखंडाचा गंज असलेली माती. जे आधीच गंजलेले, त्याचे ऊन आणखी काय करणार? काजळ म्हणजे कोळसाच, तेही जेथे चिकटून राहिले तेथे काळेभोर आहे. निळीचेही तेज कायम आहे. त्या काळची पुडीतली नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. ते कृत्रिम रीतीने बनविल्याबद्दल 1828 साली गिमे नावाच्या फ्रेंच गृहस्थास बक्षीस मिळाले होते. ही नीळ उन्हास भीत नाही, मात्र आम्लापुढे तिचा टिकाव लागत नाही. तेव्हा लिंबू-चिंचेने मूर्ती उजळविणाऱ्यांनी तिच्यापासून दूर राहावे. हळदीचे शेले मात्र पांढुरके झाले, आणि गुलाबी रंग कोठे होता हे सांगावयास आज मी एकटाच उरलो आहे.

1888 साली इंग्लंडात रसेल व ॲबनी या दोघांनी जलरंगांवर उन्हाचा परिणाम तपासून एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की हवा व ओलावा काढून घेतलेल्या नळीत बहुतेक रंग उन्हातही टिकतात. म्हणजे ऊन एकटे नव्हे, तर ऊन, हवा आणि दमटपणा मिळून हे काम करतात. आमच्या कोकणपट्टीत तिघांचीही कमतरता नाही. खिडकीची काच अतिनील किरणांपैकी काही अडविते, सगळे नव्हे. आणि साधा प्रकाशही नाजूक रंगास पुरेसा मारक असतो. असा गेलेला रंग कोणत्याही औषधाने परत येत नाही. उरलेला सावलीत ठेवणे एवढेच आपल्या हाती असते.

तिसरा रोग किल्ल्याचाच आहे. तटावर हिरवळ दिसावी म्हणून आपण अळीव किंवा मोहरी पेरतो, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपतो आणि त्या चिखलात मावळे रोवतो. भाजकी माती दिव्याच्या वातीसारखी पाणी वर शोषून घेते. त्याबरोबर क्षारही चढतात, आणि पाणी सुकताच ते रंगाखाली फुलून त्याचे पापुद्रे पाडतात. पायांचे रंग आधी जातात ते यामुळे. तेथे पांढरी भुकटी दिसल्यास मावळा सावलीत पुरता वाळू द्यावा व मऊ, कोरड्या कुंचल्याने ती झाडावी. ओल्या चित्रावर व्हार्निश चढविणे म्हणजे चोर घरात असता बाहेरून कुलूप लावणे! यापुढे मावळ्याच्या पायाखाली मेणकापडाचा किंवा पत्र्याचा लहानसा तुकडा ठेवावा. काडीचा खर्च नाही.

सर्व अंगावर, बगलेतसुद्धा, सारखाच पिवळट काळपटपणा असेल तर तो धुराचा किंवा जुन्या व्हार्निशचा समजावा. ते काम घरी करू नये.

आता नातवाचा हट्ट. "आजोबा, आपण हे सगळे पुन्हा रंगवू या," असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. खेळणे खेळण्यासाठीच असते. परंतु नवा हात फिरला की आईचा हात पुसला गेला. शेवटी असे ठरले की जुने मावळे पेटीतच राहतील आणि किल्ल्यासाठी कुंभाराकडून कोरे आणावयाचे. त्यांना रंग कोणते द्यावयाचे यावर मात्र आमचे एकमत नाही. मी गेरू, पिवळी माती आणि काजळ सुचविले. त्यास दुकानातला झगझगीत गुलाबीच हवा आहे. म्हणून आम्ही एका पुठ्ठ्यावर त्या गुलाबीचा व गेरूचा एकेक पट्टा ओढला, दोहोंचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाकला आणि पुठ्ठा दक्षिणेकडील खिडकीत टांगला आहे. वसुबारसेच्या सकाळी तो कागद नातू आपल्या हाताने काढणार आहे.