रातबगळ्याची तीन वर्षे



या व्यासपीठावर राज्यकारभार, वाङ्मय, अध्यात्म अशा भारदस्त विषयांवर बोलणारी मंडळी येऊन गेली. मी मात्र आज एका बगळ्याची कैफियत घेऊन उभा आहे. विषय लहान आहे, पण तो आपल्या घराच्या छपरावरून रोज जातो, एवढीच त्याच्या बाजूने माझी सबब.

सूर्य मावळून अर्धा तास झालेला असतो. आपण अंगणात किंवा गच्चीवर बसलेले असता आणि डोक्यावरून 'क्वाक्' असा एकच घोगरा आवाज जातो. वर पाहावे तर कावळ्याहून थोराड, आखूड मानेचा एक पक्षी संथपणे पंख मारीत नदीकडे निघालेला दिसतो. पुष्कळांना तो वाट चुकलेला कावळा वाटतो. यात लाजण्यासारखे काही नाही. या पक्ष्याचे शास्त्रीय नाव निक्टिकोरॅक्स. या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी 'रात्रीचा डोमकावळा' असा आहे. हाच आपला रातबगळा. ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका सोडल्यास सर्व खंडांत तो आढळतो.

पूर्ण वाढलेला रातबगळा मोठा रुबाबदार असतो. डोके व पाठ काळी, त्या काळ्यावर हिरवट-निळसर झाक. पंख राखी, पोट पांढरे, चोच काळी, पाय पिवळे आणि डोळे माणकासारखे लाल. डोक्याच्या मागे दोन-तीन लांब, पांढऱ्या दोरीसारखी पिसे लोंबतात.

आता माझी एक फजिती सांगतो. तरुणपणी मी नदीकाठच्या पक्ष्यांची वही ठेवीत असे. त्या वहीत रातबगळ्याखाली आणखी एक पक्षी मी नोंदवला होता : तपकिरी रंगाचा, अंगभर पांढुरके ठिपके, डोळे पिवळे. दोन वर्षे मी इमानेइतबारे दोघांची वेगवेगळी मोजदाद केली. एके दिवशी जाळे वाळत घालणाऱ्या एका म्हाताऱ्या भोयाला मी मोठ्या ऐटीने हा दुसरा पक्षी दाखवला. तो हसून म्हणाला, "मास्तर, तुम्ही एवढं शिकलेलं, आन् पोराला वळखंना? त्ये त्येचंच लेकरू हाय की!" त्या दिवशी माझ्या वहीतला एक पक्षी कमी झाला आणि ज्ञान थोडे वाढले. पुढे वाचनात आले, की अठराव्या शतकात युरोपातील नामांकित निसर्गशास्त्रज्ञही इथेच फसले होते. त्यांनी या ठिपकेवाल्या पिलाला निराळी जात समजून निराळे नाव दिले होते. तेव्हा मी एकटा नव्हतो, एवढे समाधान.

मग हे लेकरू बापासारखे दिसू लागते तरी केव्हा? क्रमाने पाहू. मादी तीन ते पाच फिकट निळसर-हिरवी अंडी घालते. नर आणि मादी आळीपाळीने ती उबवतात. तीन-साडेतीन आठवड्यांनी पिले बाहेर येतात. अंगावर विरळ लव, आणि डोक्यावर ताठ उभे राहिलेले केस. जणू नुकतेच अंथरुणातून उठलेले पोर! तीन-चार आठवड्यांत ती घरटे सोडून फांद्यांवर धडपडू लागतात आणि सुमारे सहा आठवड्यांनी उडतात. तेव्हा त्यांच्या अंगावर तो तपकिरी, ठिपकेदार वेष असतो.

दुसऱ्या वर्षी पाठीवरचे ठिपके विरतात. डोके काळपट होऊ लागते, पोटावरच्या रेघा पुसट होतात, पिवळे डोळे नारिंगी होतात. या वयाचा पक्षी ना धड पोर, ना धड बाप; मिसरूड फुटलेल्या मुलासारखी त्याची गत असते. साधारण तिसऱ्या वर्षी तो काळा-राखी पोशाख पुरा होतो आणि डोळ्यांत लाली उतरते. विणीच्या ऐन भरात तर पिवळे पायसुद्धा काही काळ गुलाबी-लाल होतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. एकच पीस तपकिरीचे हळूहळू काळे होत नाही. वाढ पुरी झालेले पीस आपल्या नखासारखे निर्जीव असते. उन्हाने ते विटेल, टोकाला झिजेल, पण आतून नवा रंग घेणार नाही. जुने पीस गळते, त्या जागी नवे उगवते आणि ते नव्या रंगाचे असते. डोळे आणि पाय मात्र सजीव. त्यांचा रंग जागच्या जागी बदलतो.

बालपणीच हा मळकट वेष का, असे कोणी विचारील. दाट पानांतून झिरपणारे ऊन फांदीवर कवडसे पाडते. त्या कवडशांत हा ठिपकेवाला पक्षी निश्चल बसला, तर दहा हातांवरूनही दिसत नाही. ज्याला अजून नीट पळता येत नाही, त्याला लपता आले पाहिजे. शिवाय, मी अजून तुमचा प्रतिस्पर्धी नाही, असेही हा वेष थोरांना सांगत असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. बालपणाचा निराळा वेष ही काही याचीच मिरास नव्हे. उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या गुलाबी रोहित पक्ष्यांत जे राखी, मळकट पक्षी दिसतात, ते आजारी नसतात, कोवळे असतात. अमेरिकेतला एक छोटा निळा बगळा तर पहिले वर्ष चक्क पांढरा असतो.

आपल्या नदीवर ओळख पटवायची, तर एक सोपी खूण सांगतो. तपकिरी पक्षी उडाला आणि पंख एकदम पांढरेशुभ्र चमकले, तर ती साधी ढोकरी. पंखही तपकिरीच राहिले, अंगाने तो थोराड असला आणि 'क्वाक्' ओरडला, तर ते रातबगळ्याचे पोर.

आता कैफियतीचा मुख्य मुद्दा. हे बगळे वस्ती करून राहतात. गावातली जुनी चिंच, वड किंवा पिंपळ त्यांना पसंत पडतो, आणि आपल्याकडे त्यांची वीण मुख्यतः पावसाळ्याच्या आगेमागे असते. नेमक्या त्याच सुमारास, वादळात फांदी पडू नये म्हणून, झाडांवर कुऱ्हाड चालते. झाडाखालच्या घरांना विष्ठेचा, कुजक्या मासळीच्या वासाचा त्रास होतो, हे मी नाकारत नाही. मी स्वतः अशा झाडाखाली राहिलो आहे. पण हिशेब करून पाहा. अंडे घातल्यापासून पिलू उडेपर्यंत एका जोडीला सुमारे दहा आठवडे लागतात. साऱ्या जोड्या एका दिवशी सुरुवात करीत नाहीत, म्हणून वस्तीला फार तर पावसाळाभराची मुदत लागते. जो पक्षी पुरा व्हायला तीन वर्षे लागतात, तो एका सकाळच्या कापणीत संपतो. आणि खाली पडलेली ती तपकिरी पिले कोणाची, हेही आपण ओळखीत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना धक्का लावण्यास मनाई केली आहे. शहरांतील झाडे तोडण्यावर 1975 च्या महाराष्ट्राच्या कायद्याचे बंधन आहे. पण कायदा फांदीपर्यंत पोचायचा, तर खाली उभ्या माणसाला वर काय आहे ते ठाऊक असावे लागते.

म्हणून माझी मागणी माफक आहे. धोक्याची फांदी घरटी बसण्याआधी, उन्हाळा लागताच कापा. राहिली, तर दिवाळीनंतर, झाड रिकामे झाल्याची खात्री करून कापा. मधल्या दिवसांत गाडी दोन हात पलीकडे उभी करा. पिसे फुटलेले पिलू खाली पडलेले दिसले, तर त्याच झाडाच्या फांदीवर ठेवा; जखमी असेल, तर वनखात्याला कळवा. उचलताना मात्र तोंडाजवळ धरू नका. ते डोळ्यावर चोच मारते.

आपण घरी परताल तेव्हा अंधार पडलेला असेल. वरून 'क्वाक्' ऐकू आले, तर क्षणभर थांबा. तो पक्षी तीन वर्षे आपल्या अनोळखी वेषात आपल्यातच वाढला आहे. निदान यापुढे तरी त्याच्या लेकराला परके समजू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.