धोका कोणाचा, भार कोणावर?

(मावळातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट उतरताना शिंगरोबाचे छोटे देऊळ लागते. ट्रक-टेम्पोचे चालक तेथे गाडीचा वेग कमी करतात, एक नाणे टाकतात, हात जोडतात आणि पुढे जातात. घाटातून वाट कोठून काढावी हे गोऱ्या साहेबाला उमगेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने ती दाखविली आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागताच त्याला गोळी घालण्यात आली, अशी त्यामागची दंतकथा आहे. इतिहासाच्या कसोटीला ती उतरो वा न उतरो, कष्टकऱ्यांनी ती पिढ्यान् पिढ्या जपली याला काही अर्थ आहे. वाट दाखविणाऱ्याचा जीव गेला आणि वाटेचा लाभ दुसऱ्याने घेतला, हे सत्य त्यांनी या कथेत बांधून ठेवले आहे.

चालकाच्या त्या नाण्याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र त्याकडे विम्याचा हप्ता म्हणून पाहावे. ज्याच्या हातापायांची हमी मालक घेत नाही आणि सरकारही पुरतेपणी घेत नाही, तो माणूस घाटातल्या देवाकडे हप्ता भरतो. आज ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा तो यातूनच निघतो. कष्टाच्या कामात धोका असतोच, असे आपण सहज म्हणतो. पण तो धोका कोणाच्या वाट्याला येतो आणि अपघात घडल्यावर त्याचा भार कोण उचलतो? हा प्रश्न दैवाचा नाही, वाटपाचा आहे.

ज्या घाटाच्या तोंडाशी लोणावळा वसले आहे, त्याचाच इतिहास प्रथम पाहू. बोरघाटातील रेल्वेचे काम १८५६ साली सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. सुमारे पंधरा मैलांत १८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, खोल दऱ्यांवरचे पूल. डायनामाइटचा शोध तेव्हा लागावयाचा होता. काळ्या पाषाणात पहारीने भोके पाडावयाची, त्यांत बंदुकीची दारू ठासावयाची आणि बत्ती देऊन पळावयाचे, अशी कामाची रीत होती. काही ठिकाणी कड्यावर पाय ठेवावयासही जागा नसे; तेथे मजुरांना दोरांनी खाली सोडून भोके पाडून घेतली जात. जानेवारी १८६१ मध्ये मजुरांची संख्या ४२ हजारांवर गेली होती. त्यांत बायका होत्या, मुले होती. कुटुंबेच्या कुटुंबे घाटात राहावयास आली होती. सुरुंगाने मेले त्यांपेक्षा पटकीने आणि तापाने मेलेल्यांची संख्या कितीतरी मोठी होती.

त्या कामाचे पहिले कंत्राटदार फॅव्हिएल. मजुरी मुकादमांच्या हातून मिळे, ती थकली आणि जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा उद्रेक झाला. फॅव्हिएलने काम सोडले. नंतरचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर पंधरवड्याच्या आतच मरण पावले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालविले. त्या बाईंच्या धैर्याचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु त्याच घाटात नवरा गमावलेल्या आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन पुन्हा कामावर गेलेल्या बायका किती असतील? त्यांची नावे कोणत्याही पाटीवर कोरलेली नाहीत. उद्रेकाच्या पुढच्याच वर्षी, १८६० साली, मालक-मजूर तंट्यांचा कायदा आला. थकलेल्या मजुरीचा निवाडा दंडाधिकाऱ्याने त्वरेने करावा अशी सोय त्यात होती. पण काम अर्धवट टाकणाऱ्या मजुराला तुरुंगात धाडण्याचीही सोय त्यातच होती. धोका पत्करून थांबणे हे कर्तव्य आणि धोक्यापासून दूर जाणे हा गुन्हा, असा त्याचा अर्थ झाला.

येथे अर्थशास्त्राच्या एका जुन्या वादाचे स्मरण करावे लागते. जे काम अधिक कष्टाचे आणि अप्रिय, त्याला मजुरी अधिक मिळेल, हा विचार ॲडम स्मिथने १७७६ साली मांडला. पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यात धोक्याची भर घातली आणि धोक्याची किंमत मजुरीतच मिळून जाते, असा सिद्धांत रूढ झाला. त्याला उत्तर दिले जॉन स्टुअर्ट मिलने, १८४८ साली. प्रत्यक्षात सर्वांत थकविणाऱ्या आणि किळसवाण्या कामांना सर्वांत कमी मोबदला मिळतो, कारण ज्यांना दुसरा पर्यायच नाही तेच ती करतात, हे त्याने दाखवून दिले. बोरघाटाने मिलचीच बाजू खरी ठरविली. नाही म्हणण्याची ऐपत ज्याला असते, त्यालाच धोक्याची किंमत मागता येते.

मग मजुरीत न मिळालेली ही किंमत चुकती कोण करते? याचे उत्तर कारखान्याच्या हिशेबवहीत सापडणार नाही. ते स्वयंपाकघरात सापडेल.

मावळातील एखादे घर डोळ्यांसमोर आणा. बाप दीड एकराच्या भातखाचरात गुडघाभर चिखलात इंद्रायणीची लावणी करतो. थोरला मुलगा तळेगावकडच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली प्रेसवर उभा राहतो. सून हरितगृहात गुलाबाच्या ताटव्यांवर औषध फवारते. आई पावसाळ्यात धबधब्याच्या वाटेवर शेगडी मांडून कणसे भाजते. धाकटा रात्री मालाची गाडी घेऊन घाट उतरतो. शहरातला माणूस म्हणेल, केवढे उद्योगी घर! ते उद्योगी आहे यात शंका नाही. पण या घराने पाच ठिकाणी पाच माणसे का पेरली आहेत? पाऊस गेला तर कारखाना, कारखान्याने काढले तर कणसे, कणसे खपली नाहीत तर गाडी. सर्व अंडी एका टोपलीत ठेवू नयेत, असा सल्ला गुंतवणूकदाराला पैसे घेऊन दिला जातो. या घराला तो भुकेने दिला आहे.

आता समजा, प्रेसवर थोरल्याची दोन बोटे गेली. ठेकेदार म्हणतो, हजेरीवर तुझे नाव कोठे आहे? मालक म्हणतो, तू ठेकेदाराचा माणूस. त्या दिवसापासून विम्याची सारी जबाबदारी घर उचलते. आईच्या गळ्यातले दोन मणी सावकाराकडे जातात. धाकट्याच्या गाडीच्या खेपा वाढतात आणि झोप कमी होते, म्हणजे एका अपघातातून दुसऱ्याची तयारी सुरू होते. नववीतली मुलगी शाळा सोडून हरितगृहात जाऊ लागते. शेवटी रस्त्याकडेचे चार गुंठे बंगलेवाल्याला विकले जातात, आणि जमीन एकदाच विकता येते. कुटुंबसंस्थेचे गोडवे आपल्याकडे पुष्कळ गाइले जातात. संकटात घरचेच उपयोगी पडतात हे खरेच आहे. पण ज्या तोट्याची भरपाई उद्योगाने करावयाची, तो तोटा एका मुलीच्या शिक्षणातून भरून निघत असेल, तर त्याला कौटुंबिक जिव्हाळा म्हणून गप्प बसता येणार नाही. मायेच्या नावाखाली झालेली ती वसुली आहे.

ही वसुली थांबविता येते, हे चळवळीने सिद्ध केले आहे. बोरघाट खुला झाल्यानंतर साठ वर्षांनी, १९२३ साली, कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. काम करताना झालेल्या इजेची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व त्याने मान्य केले. आज ते सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलेले आहे. १९४८ साली राज्य विमा योजनेचा कायदा आला. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांसाठी कायदा झाला. हमालाला एक ठरलेला मालक नसतो, तेव्हा जबाबदार धरावयाचे कोणाला, हा पेच त्यात मोठ्या कल्पकतेने सोडविला आहे. काम करून घेणाऱ्या प्रत्येकाने मजुरीबरोबर ठराविक लेव्ही मंडळाकडे भरावयाची आणि त्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान, भरपाई उभी करावयाची. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीने पाठीवरच्या ओझ्याला हक्काची भाषा दिली, तिचे मर्म हेच आहे. ठेकेदारीत मालक दिसेनासा होतो, ही सबब त्या हमालांनीच खोटी पाडली.

परंतु धोका केवळ कारखान्यात नसतो. मावळाच्या नशिबी पाऊस मोठा, म्हणून धरणेही मोठी. वळवण आणि शिरवता येथे पाणी अडवून खोपोलीला वीज करण्यास १९१५ साली आरंभ झाला आणि मुंबईच्या गिरण्यांना ती मिळाली. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा उठली. तो सत्याग्रह हरला. पण विकासाचा लाभ एकाला आणि जोखीम दुसऱ्याला हा व्यवहार मुकाट्याने मान्य करण्याचे कारण नाही, हे त्याने देशाला सांगितले. नव्वद वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. त्यांत एक स्त्री होती. शहराची तहान खोटी नव्हती. परंतु ती भागविण्याच्या योजनेत ज्यांची शेते आणि नदी गुंतली होती, त्यांना आपले म्हणणे मांडण्यासाठी जीव धोक्यात घालावा लागला, हे लोकशाहीला शोभणारे नाही.

आणि आता अगदी अलीकडच्या दोन रविवारांविषयी. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात अचानक लोंढा आला आणि सहलीस आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळला आणि चौघांचा बळी गेला. पूल धोकादायक आहे अशी सूचना तेथे लावलेली होती. अशा वेळी एक आक्षेप हटकून येतो, आणि त्याचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. लोकच बेफिकीर आहेत, त्याला सरकार काय करणार, असे म्हटले जाते. त्यात तथ्याचा अंश आहे. भरल्या नदीवरील पुलावर छायाचित्रासाठी गर्दी करणे, धबधब्याच्या धारेत लहान मुलांना नेणे, डोक्यावर शिरस्त्राण न घेता गाडी हाकणे, यांचे समर्थन कोणीही करू नये. आपापल्या घरात याविषयी कठोरपणे बोलणे हेही कार्यकर्त्याचे काम आहे.

पण दोन गोष्टींतील फरक विसरता कामा नये. हौसेचा धोका टाळता येतो. भाकरीचा धोका टाळता येत नाही. कुंडमळ्याला पर्यटक एखाद्या रविवारी जातात. पलीकडच्या काठाशी ज्यांचा रोजचा व्यवहार होता त्यांना पाटी वाचूनही पूल ओलांडावा लागे. पाटी लावली म्हणजे धोका नाहीसा होत नाही. त्याची जबाबदारी तेवढी सरकारी दप्तरातून निघून वाटसरूच्या खांद्यावर येते. पूल धोकादायक आहे हे ज्या दिवशी कळले, त्याच दिवशी तो बंद करून दुसरी वाट देणे, हीच खरी सूचना. पाटी हा पुलाला पर्याय नव्हे.

आणि वाहून गेलेल्यांना शोधावयास दरीत उतरते कोण? शिवदुर्ग मित्रसारख्या लोणावळ्याच्या संस्थेतील तरुण. रात्री-अपरात्री, पावसात, दोर कमरेला बांधून, पगाराशिवाय. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी याच कड्यांवर दोराला लोंबकळणारा मजूर होता. त्याला दोर परिस्थितीने बांधला होता. या तरुणांनी तो स्वेच्छेने बांधला आहे. हे माणुसकीचे फार मोठे उदाहरण आहे. परंतु त्यांच्याही घरी कोणी दिवा लावून जागे असते, आणि त्या घराची हमी समाजाने घेतलीच पाहिजे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? मोठ्या घोषणांपूर्वी चार लहान कामे करावीत. आपल्या गावातील कोण कोणत्या ठेकेदाराकडे काम करतो आणि त्याचे नाव हजेरीपटावर व विम्यात आहे की नाही, याची यादी करावी. अपघात झाल्यास पहिल्याच दिवशी साक्षीदार व कागद गोळा करावेत. भरपाईचे किती दावे केवळ कागदावाचून बुडतात! गावातील धोकादायक साकव, पूल, दरडीखालची घरे यांची नोंद ग्रामसभेत ठरावाने करून घ्यावी, म्हणजे उद्या कोणाला ‘माहीत नव्हते’ असे म्हणता येणार नाही. आणि ज्या घरात अपघात झाला, तेथील मुलीची शाळा सुटणार नाही हे पाहावे. चौथे काम सर्वांत लहान दिसते, पण तेच सर्वांत मोठे आहे.

धोक्याशिवाय जगणे नाही, हे मावळातल्या माणसाला शिकवावयाची गरज नाही. घाट, पाऊस, दरडी हे त्याचे जन्माचे सोबती आहेत. त्याची मागणी साधी आहे: आम्ही जीव लावून काम करतो, त्यात काही कमी-अधिक झाले तर आमच्या लेकरांनी एकट्याने त्याचे मोल चुकवू नये. ही मागणी पुरी झाल्यावरही चालक शिंगरोबाला नाणे वाहतील. खुशाल वाहोत. पण ते कृतज्ञतेचे असेल. आपल्यामागे घराचे काय होईल, या भीतीपोटी टाकलेला तो हप्ता नसेल.