श्रीलंकेची शाळा आणि आपण



मे १९५० मध्ये बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले. तेव्हा त्या देशात शिक्षण मोफत होऊन पाच वर्षेही झाली नव्हती. शिक्षणमंत्री कन्नंगरा स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलेले. त्यांच्या प्रयत्नाने १ ऑक्टोबर १९४५ पासून बालवर्गापासून विद्यापीठापर्यंत फी बंद झाली. खेड्यापाड्यांतील मुलांसाठी मध्यवर्ती विद्यालये निघाली. त्याच १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, हा योगायोग ध्यानात ठेवावा.

तेथील शालेय शिक्षण तेरा वर्षांचे आहे, आपले बारा वर्षांचे. पाचवीत शिष्यवृत्ती परीक्षा, अकरावीनंतर सामान्य स्तराची आणि तेरावीनंतर उच्च स्तराची परीक्षा होते. काही राष्ट्रीय शाळा केंद्राकडे, बाकीच्या बहुसंख्य प्रांतांकडे. शिकवणे सिंहली व तामिळ या मातृभाषांतून. १९८० पासून पाठ्यपुस्तके मोफत, १९९३ पासून गणवेशही. सक्तीच्या शिक्षणाचे वय २०१६ मध्ये १६ वर्षांपर्यंत वाढविले. आपला २००९ चा कायदा १४ वर्षांवर थांबतो. फिनलंडने २०२१ मध्ये ही मर्यादा १८ वर नेली.

श्रीमंत नसलेल्या या देशात साक्षरता ९० टक्क्यांहून अधिक आहे. मात्र नाण्याला दुसरी बाजूही आहे. शिक्षणावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो; जागतिक शिफारस चार ते सहा टक्क्यांची आहे. विद्यापीठात जागा थोड्या, म्हणून शिकवणी वर्गांचे पेव फुटले आहे. फी माफ झाली तरी शिकवणीचा खर्च गरिबाच्याच खिशातून जातो. नुसत्या मोफत शब्दाने समता येत नाही.

यातून आपण काय घ्यावे? आपल्या घटनेच्या कलम ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. हक्काचा कायदा लागू व्हायला २०१० उजाडले. म्हणून मिळालेला हक्क वाया घालवू नका. खाजगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांचे अर्ज मुदतीत भरा. शिष्यवृत्तीची कागदपत्रे वेळेवर जमवा. विहारात सायंकाळी अभ्यासिका चालवा आणि शिकलेल्यांनी तिथे आठवड्यातून एक तास द्यावा. ज्याला शिकवणी परवडत नाही, त्याला तरी तिथे विचारायला कोणी भेटेल. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला आदेश. तो पाळण्याची ही साधी रीत आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!