निराळ्या भाषा, एक परीक्षक



बल्लारपुरात भाषांची नवलाई कोणी कोणाला सांगावी? बाजारात एक फेरी मारली की मराठी, हिंदी, तेलुगू, गोंडी सगळ्या कानांवर येतात. आणि भाव कोणत्याही भाषेत सांगितला तरी हिशेब तोच येतो. आज आम्ही बोलणार आहोत ते संगणकाच्या भाषांविषयी. तेथे हिशेब बरोबर असूनही निकाल निराळा लागतो, एवढीच आमची तक्रार आहे.

आपल्या मुलांचे प्रोग्रॅम आता पुष्कळदा यंत्रच तपासते. मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने २००९ साली सुरू केलेले कोडशेफ हे अशाच परीक्षेचे ठिकाण. सी प्लस प्लस, जावा, पायथन, हवी ती भाषा घ्या; यंत्र प्रोग्रॅम चालवते, गुप्त उदाहरणांची उत्तरे ताडून पाहते आणि निकाल देते.

पण परक्याचा प्रोग्रॅम चालवणे म्हणजे अनोळखी पाहुणा घरात घेणे. तो कधी थांबायचेच विसरतो, कधी स्वतःच्या हजारो प्रती काढून यंत्राला गुदमरवतो, तर कधी उत्तरांची फाईलच उघडू पाहतो! म्हणून त्याला बंदिस्त जागेत चालवतात. तिला सँडबॉक्स, म्हणजे मुलांच्या खेळण्याचा वाळूचा हौद, असे नाव आहे. लिनक्समधील नेमस्पेसमुळे त्याला बाहेरचे काही दिसत नाही, आणि सीग्रुपमुळे मेमरी व प्रोसेसर यांचे रेशन ठरते.

आता गंमत पाहा. प्रती काढणाऱ्याला आवर घालावा म्हणून ‘एका वेळी एकच काम’ असा नियम केला, तर बिचारी जावा उंबरठ्यावरच अडते. कारण तिचा दुभाषा सुरू होतानाच अनेक कामे एकदम काढतो. सी प्लस प्लसचे भाषांतर आधीच होऊन गेलेले असते. पायथनचा दुभाषा मात्र प्रोग्रॅम चालू असताना पावलोपावली अर्थ लावत जातो. दहा कोटी साध्या बेरजा सी प्लस प्लस सेकंदाच्या आत उरकते. पायथनला कित्येक सेकंद लागतात. मुदत एक सेकंदाची असेल, तर बरोबर विचार करणाऱ्या मुलालाही ‘वेळ संपली’ एवढेच उत्तर मिळते.

सगळा दोष भाषेचाच असतो असे मात्र नाही. एक लाख आकड्यांत दोन सारखे आकडे शोधताना प्रत्येक जोडी ताडली, तर सुमारे पाचशे कोटी तुलना होतात. तेथे सी प्लस प्लसही हरते. आधी आकडे क्रमाने लावले, तर पायथनही सहज पार पडते. शिवाय सी प्लस प्लसचा नेहमीचा पूर्णांक सुमारे २१४ कोटींपुढे जात नाही. १३ चा क्रमगुणित त्यात मावत नाही, आणि पायथन तो निमूट लिहून देते. तेव्हा पक्षपात दोन्हीकडून होतो.

मग सर्व भाषांना एकच घड्याळ लावावे काय? आमच्या मते लावू नये. प्रश्न काढणाऱ्याने तो प्रत्येक भाषेत स्वतः सोडवून पाहावा आणि मगच मुदत ठरवावी. हे कष्टाचे आहे, म्हणूनच ते टाळले जाते. चंद्रपूर-गडचिरोलीकडील एखाद्या महाविद्यालयाला स्वतःचा परीक्षक बसवायचा असेल, तर डोमजज हा फुकट मिळतो. त्यात प्रत्येक भाषेपुढे वेळेचा गुणक लिहिण्याचा रकाना आहे. कोणी हात लावला नाही, तर तेथे १ हाच आकडा राहतो.